स्वामी रामानंद तीर्थ

मराठवाड्यातील शाळांमधून स्वातंत्र्यदिनाचे झेंडावंदन होऊन एक महिना लोटतो न लोटतो, तोच पुन्हा एकदा पहाटे लगबग सुरू होते. १७ सप्टेंबर रोजी नांदेड, लातूर, परभणी, बीड येथील मुले पुन्हा गणवेश घालून मैदानावर उभी राहतात आणि पुन्हा तिरंगा चढविला जातो. परगावाहून नव्याने आलेल्या एखाद्या विद्यार्थ्यास याचे नवल वाटते. देशाला स्वातंत्र्य मिळाले ते १५ ऑगस्ट १९४७ रोजी. मग हा दुसरा दिवस कसला? उत्तर असे की, त्या दिवशी दिल्लीत आणि मुंबईत आनंदोत्सव चालू असताना नांदेडच्या रस्त्यावर तिरंगा घेऊन निघणे हा गुन्हा होता. मराठवाडा तेव्हा हैदराबाद संस्थानात होता, आणि तो मुक्त होण्यास आणखी तेरा महिने लागले. त्या तेरा महिन्यांत आणि त्यापूर्वीच्या दहा वर्षांत जो लढा झाला, त्याचे नेतृत्व एका संन्याशाने केले. त्यांचे नाव स्वामी रामानंद तीर्थ.

हैदराबाद हे हिंदुस्थानातील सर्वांत मोठ्या संस्थानांपैकी एक. त्याचे सोळा जिल्हे होते. आठ जिल्ह्यांत तेलुगू, पाच जिल्ह्यांत मराठी आणि तीन जिल्ह्यांत कानडी बोलली जाई. राज्यकर्ता निजाम जगातील अतिश्रीमंतांपैकी एक गणला जाई. पण त्याच्या प्रजेत शंभरांत दहा माणसांनाही अक्षरओळख नव्हती. सरकारी शाळांतील वरचे शिक्षण उर्दूतून होते. घरी मराठी बोलणारा मुलगा गणित आणि भूगोल उर्दूत घोकीत असे. सभा भरवावयाची तर परवानगी हवी. खाजगी शाळा काढावयाची तरीही परवानगी हवी. जमिनीची स्थिती याहून वाईट होती. राज्यातील सुमारे एक दशांश जमीन ही निजामाची खाजगी मालमत्ता होती. तिला सर्फेखास म्हणत. आणखी सुमारे तीन दशांश जमीन जहागीरदारांकडे होती. तेथे कसणारा एक आणि पिकाचा धनी दुसरा. जहागीरदाराच्या किंवा अंमलदाराच्या घरी फुकट राबण्याची, म्हणजे वेठबिगारीची, चाल सर्वत्र होती.

रामानंद तीर्थ हे नाव त्यांना पुढे मिळाले. त्यांचे मूळ नाव व्यंकटेश भगवानराव खेडगीकर. त्यांचा जन्म ३ ऑक्टोबर १९०३ रोजी विजापूर जिल्ह्यातील सिंदगी येथे झाला. हा मुलूख कानडी. पण व्यंकटेशचे माध्यमिक शिक्षण सोलापुरास झाले आणि मराठी ही त्यांच्या कार्याची भाषा बनली. ते शाळेत असतानाच १ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्य टिळक निवर्तले. सोळा वर्षांच्या त्या मुलाच्या मनावर या वार्तेचा विलक्षण परिणाम झाला. आजन्म अविवाहित राहून देशसेवा करीन, अशी प्रतिज्ञा त्याने केली. अशा प्रतिज्ञा त्या वयात पुष्कळ मुले करतात आणि वर्षभरात विसरूनही जातात. व्यंकटेश विसरला नाही.

त्याच सुमारास महात्मा गांधींनी असहकाराची हाक दिली. सरकारी शाळा सोडून द्या, असा त्यांचा आदेश होता. व्यंकटेशने शाळा सोडली आणि तो खानदेशातील अमळनेर येथील राष्ट्रीय शाळेत दाखल झाला. तेथून पुढे तो पुण्याच्या टिळक महाराष्ट्र विद्यापीठात गेला. या विद्यापीठाच्या पदवीला सरकार मान्यता देत नसे. ती पदवी घेणाऱ्यास सरकारी नोकरी मिळण्याची आशा नव्हती. किंबहुना ती आशा सोडूनच विद्यार्थी तेथे येत. व्यंकटेशने तेथे एम. ए. केले आणि प्रबंधासाठी विषय घेतला लोकशाहीच्या विकासाचा. प्रजेला एका अक्षराचाही अधिकार नसलेल्या राज्यात ज्याला पुढे आयुष्य घालवावयाचे होते, त्याने हा विषय निवडावा, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

शिक्षण संपल्यावर त्यांना कामही तसेच मिळाले. मुंबईत ना. म. जोशी हे थोर कामगार पुढारी होते. हिंदुस्थानातील कामगार संघटनेचा पाया ज्यांनी घातला, त्यांत त्यांचे नाव अग्रभागी आहे. व्यंकटेश त्यांचे चिटणीस झाले. गिरणीच्या भोंग्याबरोबर उठणारी, दहा-दहा तास यंत्रापुढे उभी राहणारी आणि एका खोलीत दोन-दोन कुटुंबे दाटीने राहणारी माणसे त्यांनी येथे जवळून पाहिली. परकी सत्ता गेली म्हणजे या माणसांचे दुःख आपोआप जाईल का, हा प्रश्न त्यांच्या मनात येथेच रुजला असावा. श्रम करणाऱ्याला त्याच्या श्रमाचे फळ मिळावे, जमीन कसणाऱ्याची असावी, जन्माने किंवा धनाने कोणी कोणावर हुकमत गाजवू नये, असे मानणाऱ्या विचाराला राजकारणात डावा विचार म्हणतात. स्वामीजी अखेरपर्यंत काँग्रेसमध्ये राहिले, तरी त्यांची विचारसरणी डावी होती, आणि तिचे पहिले धडे त्यांना मुंबईच्या कामगारवस्तीत मिळाले.

अतिश्रमाने त्यांची प्रकृती ढासळली. गंभीर दुखण्याने त्यांना अंथरुणाला खिळावे लागले. आजारातून उठल्यावर त्यांनी शहरात परतण्याऐवजी एका खेड्याची वाट धरली. हे खेडे म्हणजे हिप्परगा. आज ते धाराशिव जिल्ह्याच्या लोहारा तालुक्यात आहे. लातूरचा मुलूख तेथून फार दूर नाही. निजामाच्या राज्यात असूनही तेथे काही ध्येयवादी मंडळींनी १९२१ मध्ये राष्ट्रीय शाळा काढली होती. १९२९ मध्ये व्यंकटेशराव तेथे आले आणि मुख्याध्यापक झाले. याच काळात, वयाची तिशी उलटण्यापूर्वी, त्यांनी संन्यासदीक्षा घेतली. भगवी वस्त्रे अंगावर आली आणि व्यंकटेश खेडगीकरांचे स्वामी रामानंद तीर्थ झाले.

संन्यासी म्हटला की डोंगराची गुहा, जपमाळ आणि मौन आपल्या डोळ्यांपुढे येते. हा संन्यासी फळ्यापुढे उभा राहून मुलांना इतिहास शिकवीत होता. हिप्परग्याची शाळा साधी होती. मुले आणि शिक्षक एकत्र राहत, व्यायाम करीत, सूत कातीत आणि मातृभाषेत शिकत. परंतु खेड्यातील एका शाळेने भागण्यासारखे नव्हते. म्हणून १९३५ मध्ये स्वामीजी आणि बाबासाहेब परांजपे आदी सहकारी अंबाजोगाईस आले. या गावाचे सरकारी नाव तेव्हा मोमिनाबाद होते. तेथील योगेश्वरी विद्यालयाची धुरा स्वामीजींनी घेतली. लातूर, नांदेड, बीड भागांतील कितीतरी मुले येथे शिकली. पुढे लढ्यात ज्यांनी उडी घेतली, त्यांतील अनेक तरुण या वर्गखोल्यांतून बाहेर पडले होते.

शाळा भरभराटीस येत होती, तेव्हाच बाहेर वारे बदलू लागले. १९३७ मध्ये परतूर येथे महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. संस्थानातील मराठी जनतेची गाऱ्हाणी मांडण्यासाठी ही संस्था होती. पुढच्याच वर्षी, १९३८ मध्ये, तिचे दुसरे अधिवेशन लातूरला झाले. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातील एक मोठी व्यापारी पेठ होती. जिल्ह्याचे ठिकाण ते फार नंतर, १९८२ मध्ये झाले. परिषदेत दोन मते होती. वडीलधारी मंडळी म्हणत की, सरकारकडे अर्ज-विनंत्या कराव्यात, सुधारणा हळूहळू पदरात पाडून घ्याव्यात. तरुणांना हे पटत नव्हते. राज्यकारभार प्रजेला जबाबदार असला पाहिजे, ही मागणी उघडपणे करावी आणि तीसाठी तुरुंगात जाण्याची तयारी ठेवावी, असे त्यांचे म्हणणे होते. स्वामीजी तरुणांच्या बाजूचे होते.

त्यांच्यापुढे मोठा पेच पडला. एका हाती शाळा आणि दुसऱ्या हाती लढा, असे चालण्यासारखे नव्हते. मुख्याध्यापक तुरुंगात गेला तर सरकार शाळेलाच टाळे ठोकील, हे उघड होते. हाताने वाढविलेली शाळा सोडणे किती जड जाते, हे ज्याने आयुष्यभर खडू धरला आहे त्यालाच नीट कळेल. स्वामीजींनी शाळा सहकाऱ्यांच्या स्वाधीन केली आणि ते हैदराबाद शहरी गेले. ती शाळा टिकली. ती आजही अंबाजोगाईत आहे.

हैदराबादेत मराठी, तेलुगू व कानडी कार्यकर्त्यांनी मिळून स्टेट काँग्रेस स्थापण्याचे ठरविले. ती स्थापन होण्यापूर्वीच, सप्टेंबर १९३८ मध्ये, निजाम सरकारने तिच्यावर बंदी घातली. जन्मण्याआधीच बेकायदा ठरलेली अशी संस्था क्वचितच आढळेल. ऑक्टोबरमध्ये सत्याग्रह सुरू झाला. सत्याग्रहींच्या तुकड्या एकामागून एक रस्त्यावर येऊन स्वतःस अटक करवून घेऊ लागल्या. स्वामीजींनीही एका तुकडीचे नेतृत्व केले आणि त्यांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली. याच दिवसांत औरंगाबाद आणि हैदराबाद येथील वसतिगृहांत वंदे मातरम् म्हणण्यास बंदी झाली, म्हणून विद्यार्थ्यांनी महाविद्यालये सोडली. शेकडो विद्यार्थ्यांवर शिक्षण अर्धवट टाकण्याची पाळी आली. पुढे नागपूर विद्यापीठाने त्यांतील अनेकांना आपल्या महाविद्यालयांत प्रवेश दिला.

त्यानंतरची आठ वर्षे फार कठीण गेली. डिसेंबर १९३८ मध्ये गांधीजींच्या सल्ल्याने सत्याग्रह थांबवावा लागला. बंदी मात्र उठली नाही. अनेक कार्यकर्ते निराश झाले. १९४० मध्ये गांधीजींनी वैयक्तिक सत्याग्रहासाठी स्वामीजींस अनुमती दिली आणि ते पुन्हा तुरुंगात गेले. १९४२ च्या छोडो भारत चळवळीत तिसऱ्यांदा गेले. तुरुंगाबाहेर असत तेव्हा ते गावोगाव फिरत. राहण्यास कार्यकर्त्याचे घर, जेवणात जे मिळेल ते. या भ्रमंतीत गोविंदभाई श्रॉफ, दिगंबरराव बिंदू यांसारखे सहकारी त्यांच्याभोवती जमले. गोविंदभाई गणिताचे पदवीधर आणि समाजवादाचे गाढे अभ्यासक होते. स्वामीजींच्या भगव्या वस्त्रांचा आणि गोविंदभाईंच्या पुस्तकांचा मेळ कसा बसला, असा प्रश्न कोणास पडेल. परंतु दोघांनाही शेतकऱ्याच्या पायातील बेडी दिसत होती.

जुलै १९४६ मध्ये बंदी उठली. पण त्याच वर्षी वातावरण भयंकर तापू लागले. लातूरमध्ये वकिली करणारा कासीम रझवी हा इत्तेहादुल मुसलमीन या पक्षाचा अध्यक्ष झाला. त्याच्या स्वयंसेवकांना रझाकार म्हणत. निजामाचे राज्य स्वतंत्र राहावे आणि त्याविरुद्ध बोलणाऱ्याची जीभ बंद व्हावी, हे त्यांचे काम. ऑक्टोबर १९४६ मध्ये नांदेड जिल्ह्यातील बिलोलीजवळ, अर्जापूर येथे, गोविंदराव पानसरे या निःशस्त्र कार्यकर्त्याची हत्या झाली. मराठवाड्याच्या मुक्तिलढ्यातील पहिले हुतात्मे म्हणून त्यांचे नाव घेतले जाते.

इंग्रज जाणार हे आता निश्चित झाले होते. संस्थाने कोठे जाणार, हा प्रश्न उरला. हैदराबाद चहूबाजूंनी भारताने वेढलेले. तरीही आपण स्वतंत्र राहणार, असे निजामाने जाहीर केले. स्टेट काँग्रेसने कोणती भूमिका घ्यावी? निजामाच्या छत्राखाली जबाबदार राज्यपद्धती मिळाली तरी पुरे, असे मवाळ गटास वाटत होते. भारतात विलीन होण्यावाचून दुसरा मार्ग नाही, असे स्वामीजींचे मत होते. १९४७ च्या उन्हाळ्यात अध्यक्षपदाची निवडणूक झाली. स्वामीजींच्या विरोधात बी. रामकृष्णराव हे मवाळ गटाचे विद्वान पुढारी उभे होते. चुरस इतकी झाली की, स्वामीजी अगदी थोड्या मतांनी निवडून आले. ती थोडी मते दुसरीकडे पडली असती, तर लढ्याला कोणते वळण लागले असते, कोण सांगेल?

७ ऑगस्ट १९४७ हा भारतात सामील व्हा, अशी मागणी करण्याचा दिवस म्हणून पाळला गेला आणि सत्याग्रहास प्रारंभ झाला. १५ ऑगस्टच्या पहाटे स्वामीजींनी हैदराबाद शहरात तिरंगा फडकविला. लगेच त्यांना अटक झाली. सारा देश स्वतंत्र होत असताना हा माणूस तुरुंगाच्या दारातून आत चालला होता. नोव्हेंबरच्या अखेरीस निजामाने भारत सरकारशी तात्पुरता करार केला, तेव्हा ते सुटले. दोन महिने त्यांनी ठिकठिकाणच्या नेत्यांना भेटून संस्थानातील स्थिती सांगितली, आणि जानेवारी १९४८ च्या अखेरीस पुन्हा पकडले गेले.

नेता तुरुंगात असताना लढा मात्र थांबला नाही. दिगंबरराव बिंदू यांच्या अध्यक्षतेखाली कृतिसमिती संस्थानच्या सीमेबाहेरून काम पाहत होती. वऱ्हाडात उमरखेडला, तसेच सोलापूर, मनमाड अशा ठिकाणी कार्यकर्त्यांची केंद्रे उभी राहिली. वकिलांनी न्यायालये सोडली. विद्यार्थ्यांनी शाळा सोडल्या. पाटील-पटवाऱ्यांनी राजीनामे दिले. दारूच्या करातून सरकारला मोठे उत्पन्न मिळे, म्हणून गावकऱ्यांनी रात्रीतून शिंदीची झाडे तोडून टाकली. सीमेवर जकात घेणारी करोडगिरीची नाकी उद्ध्वस्त करण्यात आली. उदगीरजवळच्या हत्तीबेटाच्या टेकडीवर शेतकऱ्यांच्या पोरांनी ठाणे मांडले आणि रझाकारांस दाद दिली नाही. कंधार तालुक्यातील कल्हाळीच्या गढीत अप्पासाहेब नाईक आणि त्यांचे साथीदार रझाकारांशी झुंजत धारातीर्थी पडले.

३० जानेवारी १९४८ रोजी नांदेड जिल्ह्यातील उमरी येथे एक धाडसी प्रसंग घडला. मुक्तिसैनिकांनी तेथील सरकारी बँकेवर छापा घातला आणि सुमारे वीस लाख रुपये लढ्यासाठी हस्तगत केले. त्या काळी ही रक्कम केवढी प्रचंड होती, याची कल्पना आज येणे कठीण आहे. ही रक्कम तरुणांच्या हाती होती. त्यांतले बरेच जण गरीब घरचे होते. तिचा हिशेब ठेवला गेला आणि ती लढ्याच्याच कामी आली. परंतु छाप्याचा आनंद त्यांना भोगता आला नाही, कारण त्याच दिवशी संध्याकाळी दिल्लीत गांधीजींची हत्या झाली होती.

हा लढा हिंदू आणि मुसलमान यांचा होता, असे काही लोक तेव्हा म्हणत, आणि आजही कोणी म्हणतात. स्वामीजींनी तसे कधी मानले नाही. निजामाची सत्ता जशी हिंदू कुळाला पिळीत होती, तशीच मुसलमान विणकराला आणि मजुरालाही. हैदराबादेतील शोएबउल्ला खान हा तरुण उर्दू पत्रकार आपल्या इमरोज या पत्रातून विलीनीकरणाचा पुरस्कार करी; ऑगस्ट १९४८ मध्ये मारेकऱ्यांनी त्याला ठार केले. मराठवाड्याच्या हुतात्म्यांची आठवण काढताना हे नाव वगळता येत नाही.

अखेर १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य चारी बाजूंनी संस्थानात शिरले. १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. त्याच दिवशी स्वामीजी तुरुंगातून बाहेर आले. लोकांच्या आनंदास सीमा राहिली नाही. पण त्या आनंदाला एक काळी किनार आहे, आणि ती मुलांपासून लपवून ठेवावी असे मला वाटत नाही. त्यानंतरच्या दिवसांत उस्मानाबाद, नांदेड, बीदर, गुलबर्गा या भागांत सूडाचा वणवा पेटला आणि रझाकारांशी काडीचाही संबंध नसलेल्या हजारो मुसलमानांना प्राण गमवावे लागले. चौकशीसाठी भारत सरकारने पंडित सुंदरलाल यांची समिती पाठविली. ज्या लढ्यात शोएबउल्ला खान पडला, त्या लढ्याच्या विजयानंतर हे घडावे, ही फार दुःखाची गोष्ट होय.

लढा संपला म्हणजे सेनापतीला सिंहासन मिळते, असा जगाचा रिवाज आहे. स्वामीजी स्टेट काँग्रेसचे अध्यक्ष होते. लोकांची त्यांच्यावर भक्ती होती. पण त्यांच्यापुढचे प्रश्न वेगळेच होते. निजाम गेला; जहागीरदारांचे काय? १९४९ मध्ये जहागिऱ्या नष्ट करण्याचा कायदा झाला. १९५० मध्ये कुळकायदा आला आणि वर्षानुवर्षे दुसऱ्याची जमीन कसणाऱ्या कुळांना संरक्षण मिळाले. स्वामीजी आणि त्यांचे सहकारी यासाठी आग्रही होते. मात्र कायदा कागदावर उतरला की शेतात उतरतोच असे नाही. कित्येक ठिकाणी मालकांनी कुळांना आधीच जमिनीवरून काढून लावले. जमिनीचा प्रश्न वेगाने सोडवावा, असे डाव्या विचाराच्या कार्यकर्त्यांना वाटे; दिल्लीतील आणि हैदराबादेतील अनेक पुढाऱ्यांना ही घाई धोक्याची वाटे. काँग्रेसमध्ये तीव्र मतभेद झाले. गोविंदभाई श्रॉफ आणि त्यांचे काही साथी १९५० च्या सुमारास काँग्रेसमधून बाहेर पडले. तुरुंगात आणि भूमिगत जीवनात ज्यांच्या खांद्यास खांदा लावला, तेच आता दुसऱ्या वाटेने निघाले. स्वामीजी त्यांच्याबरोबर गेले नाहीत. काँग्रेसमध्ये राहूनच काम करता येईल, असे त्यांना वाटत होते. त्यांचे बरोबर होते की गोविंदभाईंचे, याविषयी मराठवाड्यातील जाणती माणसे कितीतरी वर्षे वाद घालीत आली आहेत.

१९५२ मध्ये पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली. हैदराबाद राज्याचे मुख्यमंत्री झाले ते बी. रामकृष्णराव, तेच, ज्यांचा स्वामीजींनी १९४७ मध्ये अध्यक्षपदासाठी पराभव केला होता. स्वामीजींनी राज्यातील सत्तेची वाट धरली नाही. ते लोकसभेत गेले. त्या वर्षी ते गुलबर्ग्याहून, म्हणजे कानडी मुलखातून, निवडून आले आणि १९५७ मध्ये औरंगाबादहून, म्हणजे मराठी मुलखातून. दोन भाषांच्या लोकांनी एकाच माणसाला आपला म्हणून निवडावे, हा मान फार थोड्यांच्या वाट्यास येतो. तरीही गंमत अशी की, ज्या राज्यात या तिन्ही भाषा एकत्र नांदत होत्या, ते राज्य मोडावे असाच स्वामीजींचा आग्रह होता. कारभार लोकांच्या भाषेत चालला तरच लोकशाही खरी, असे ते म्हणत. दरबाराची भाषा न समजल्यामुळे अर्ज लिहिणाऱ्यापुढे हात जोडून बसलेला शेतकरी त्यांनी पाहिला होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे तीन भाग झाले आणि मराठवाडा मुंबई राज्यात आला. १ मे १९६० रोजी तो महाराष्ट्राचा भाग झाला.

राजकारणाच्या धकाधकीत शिक्षकाचा पिंड त्यांनी सोडला नाही. मुक्तीनंतर दोनच वर्षांनी, १९५० मध्ये, नांदेडला पीपल्स कॉलेज सुरू झाले. ते चालविणाऱ्या नांदेड एज्युकेशन सोसायटीच्या स्थापनेमागे स्वामीजी होते. त्यापूर्वी नांदेडच्या मुलाला पदवी घ्यावयाची तर दूरचे शहर गाठावे लागे, आणि ते दहांतल्या नऊ घरांना परवडत नसे. याच महाविद्यालयात पुढे नरहर कुरुंदकर प्राचार्य झाले. ते स्वतः विद्यार्थिदशेत मुक्तिलढ्यात उतरलेले होते. विनोबांच्या भूदान चळवळीतही स्वामीजींनी काम केले. ती चळवळ १९५१ मध्ये सुरू झाली ती याच हैदराबाद राज्यातील पोचमपल्ली गावी.

१९६२ नंतर ते निवडणुकीच्या राजकारणातून दूर झाले. आपल्या आठवणी त्यांनी इंग्रजीत लिहिल्या. त्या १९६७ मध्ये प्रसिद्ध झाल्या. पी. व्ही. नरसिंह राव त्यांना गुरू मानीत. ते पुढे १९९१ मध्ये भारताचे पंतप्रधान झाले. शंकरराव चव्हाण यांनी नांदेडच्या लढ्यात भाग घेतला होता. पुढे ते महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले. शिष्यांनी मोठमोठी पदे भूषविली. गुरूजवळ मात्र स्वतःचे घर नव्हते, शेत नव्हते, आणि अंगावरच्या वस्त्रांखेरीज फारसे काही नव्हते.

२२ जानेवारी १९७२ रोजी हैदराबाद येथे स्वामी रामानंद तीर्थांचे देहावसान झाले. तेथे बेगमपेठ भागात त्यांची समाधी आहे. अंबाजोगाईच्या ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयास त्यांचे नाव देण्यात आले. १९९४ साली नांदेड येथे नवे विद्यापीठ स्थापन झाले, तेव्हा त्यालाही त्यांचेच नाव मिळाले. नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली या चार जिल्ह्यांतील महाविद्यालये त्याच्या कक्षेत येतात. देगलूर, मुखेड, उदगीर, अहमदपूर येथील मुलामुलींना आपल्या पदवीच्या कागदावर आज ते नाव वाचावयास मिळते. विद्यापीठाच्या स्थापनेचा दिवस १७ सप्टेंबर हाच आहे.